जुन्या फ्रिजचा मांस धुरवण्याचा स्मोकर : कोणता फ्रिज चालेल आणि आग कुठे ठेवावी?

प्रश्न : मानकापूरकर

नमस्कार. आमच्या मानकापूरच्या घराच्या मागील पडवीत आजोबांच्या काळातील एक फ्रिज बऱ्याच वर्षांपासून नुसताच उभा आहे. तो एका दाराचा, १६५ लिटरचा आणि बाहेरून पूर्ण पत्र्याचा असून दाराला खटक्याने बसणारी लांब मूठ आहे. त्याने थंड करणे केव्हाच सोडले, आणि दुरुस्तीत पैसे घालण्याऐवजी नवा घ्यावा असेच मेकॅनिकने सांगितले. याशिवाय मेहुण्यांनी नुकताच बदललेला, दहा-बारा वर्षे वापरलेला दोन दारांचा फ्रिजही मला फुकट मिळू शकतो. या दोहोंपैकी एकाचा मांस आणि मासे धुरवण्यासाठी स्मोकर करावा, असे मनात आहे.

परदेशात लोक जुन्या फ्रिजचे स्मोकर करतात, हे मी पाहिले आहे. जाड भिंती, घट्ट बसणारे दार आणि जाळ्या ठेवण्यासाठी तयार खाचा एवढे आयते मिळत असताना विटांची भट्टी कशाला बांधावी, असा माझा सरळ विचार आहे. मुख्यतः अख्खी कोंबडी, बोकडाची मांडी आणि भंडाऱ्याकडून येणारे रोहू-कतला धुरवायचे आहेत. जमल्यास पुढे डुकराच्या मांसाचे सॉसेजही करून पाहीन. आमच्या घरी मटण म्हणजे सावजी रस्सा, दुसरे काही नाही, असे आईचे ठाम मत आहे, त्यामुळे हा उद्योग मला माझ्याच बळावर तडीस न्यावा लागणार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. दोहोंपैकी कोणता फ्रिज घ्यावा? विस्तव आतच तळाशी ठेवावा की बाहेर? नागपूरच्या हवामानात हे बारा महिने करता येईल का? आणि लाकूड कोणते वापरावे? दिवाळीनंतर कामाला लागण्याचा विचार आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : जुने शीतयंत्र

मानकापूरकर भाऊ, फ्रिज दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून फ्रिजच्या अंगाने जे सांगता येईल ते सांगतो. मांसाविषयी इतरांनी लिहावे.

एक साधे लोहचुंबक घ्या आणि दोन्ही फ्रिजच्या आतील भिंतीला लावून पाहा. चुंबक चिकटले तर आतील अस्तर मिन्याचा (एनॅमलचा) लेप दिलेल्या पोलादी पत्र्याचे आहे, आणि असा फ्रिज आपल्या कामाचा आहे. चिकटले नाही, भिंत पांढरी व गुळगुळीत असून नखाने दाबल्यास किंचित दबत असेल, तर ते प्लॅस्टिक आहे. (क्वचित आतील पत्रा ॲल्युमिनियमचाही असतो, त्याला चुंबक चिकटत नाही, परंतु वाजवून पाहिल्यास धातू लगेच कळतो.) मेहुण्यांच्या फ्रिजमध्ये आपणांस प्लॅस्टिकच आढळेल, कारण अलीकडच्या घरगुती फ्रिजचे अस्तर पॉलिस्टायरिन किंवा एबीएस या प्लॅस्टिकचे असते. हे प्लॅस्टिक ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडून वाकू लागते. त्याच्या मागे पॉलियुरेथेनचा फोम भरलेला असतो. तो पेटला तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडते, आणि ज्या पेटीत आपण अन्न ठेवणार त्या पेटीच्या भिंतीत असा पदार्थ तापत ठेवणे मला मान्य नाही. त्यामुळे मेहुण्यांचा फ्रिज नम्रपणे नाकारावा.

आजोबांच्या फ्रिजच्या भिंतीत बहुधा काचलोकर असेल. ती उष्णता सहज सोसते, परंतु इतक्या वर्षांत खाली बसून वरचा भाग पोकळ झालेला असण्याची शक्यता आहे. मागचा पत्रा काढून ती पुन्हा नीट भरावी लागेल. हे काम करताना नाकावर मास्क, हातात मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. काचेचे तंतू कातडीत शिरले की दिवसभर खाज जात नाही.

अस्तर पत्र्याचे असले म्हणजे सगळेच पत्र्याचे असते, असे मात्र समजू नये. जुन्या फ्रिजमध्येही दाराची आतील बाजू, म्हणजे जिथे अंडी आणि बाटल्या ठेवतो ती, बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते. तसेच आतील आणि बाहेरील पत्रा तोंडापाशी जिथे एकत्र येतो तिथे चारही बाजूंनी प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली असते, कारण धातूला धातू भिडला तर थंडावा बाहेर पळतो. या दोन्ही गोष्टी काढून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसवावा लागेल. दाराभोवतीचे रबर हे प्रत्यक्षात पीव्हीसी असते, तेही काढावे आणि ओव्हनच्या दाराला लावतात तशी काचतंतूंची दोरी किंवा सिलिकॉनची पट्टी लावावी. आतील दिव्याचा होल्डर, थर्मोस्टॅटची डबी, भाज्यांचा ट्रे आणि बर्फाचा कप्पा हे सर्व बाहेर काढावे. मूळ जाळ्याही वापरू नयेत. त्या काळी तारेच्या जाळ्यांना कोणता मुलामा दिलेला असेल ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. काही ठिकाणी कॅडमियमचा मुलामाही वापरला जात असे, आणि तो अन्नाजवळ अजिबात चालत नाही. नव्या स्टेनलेस जाळ्यांचा खर्च एवढाही मोठा नाही.

आता गॅसविषयी. एवढ्या जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन गॅस असणार. ओझोन थराला होणाऱ्या हानीमुळे १९८७ च्या माँट्रियल कराराने ज्या वायूंवर बंधने आणली, त्यांपैकी हा एक आहे. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. आपल्या फ्रिजमधला गॅस कदाचित आधीच गळून गेला असेल, परंतु तसे गृहीत धरून नळी कापू नये. ज्याच्याकडे फ्रिजमधला गॅस बाहेर काढून टाकीत साठवण्याचे यंत्र आहे अशा मेकॅनिकला बोलवावे. आर-६००ए वर चालणाऱ्या नव्या फ्रिजच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी, कारण तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, आणि ठिणगीने पेट घेतो. कोणता गॅस आहे ते कॉम्प्रेसरवरील किंवा मागील पट्टीवर लिहिलेले असते. भिंतीला कुठेही भोक पाडायचे असल्यास ते गॅस निघाल्यानंतरच पाडावे. अनेक नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात आणि ड्रिल थेट नळीतच जाते. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते, म्हणून तो आडवा करून ओढत नेऊ नये. उरलेले भाग ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. फ्रिज हा ई-कचऱ्याच्या नियमांत येतो.

दाराची मूठ मी मुद्दाम शेवटी घेतली. खटक्याने बसणारे दार आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना मुले अशा टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये शिरून गुदमरल्याच्या घटना अमेरिकेत इतक्या वाढल्या होत्या, की १९५६ मध्ये तिथे फ्रिजचे दार आतून उघडलेच पाहिजे असा कायदा करावा लागला. फ्रिज इतकी वर्षे पडवीत उभा आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून सांगतो : स्मोकर व्हायचा तेव्हा होईल, तो खटका आजच काढून टाका. पुढे दार बंद राहण्यासाठी आतून ढकलताच सुटणारा बॉल कॅच बसवावा.

उत्तर : गच्चीवरची चूल

मंडळी विनाकारण घाबरवत आहेत, असे माझे मत आहे. दोन दारांचा फ्रिज मोठा आहे, तोच घ्यावा. आतून गॅल्व्हनाइज्ड पत्रा ठोकून घ्यावा म्हणजे प्लॅस्टिक झाकले जाईल, तळाशी कोळशाची शेगडी ठेवावी, निखाऱ्यांवर ओला भुसा टाकावा आणि दार लावावे. धूर बाहेर जाऊ नये म्हणून फटी बंद कराव्यात. शे-दोनशे रुपयांच्या पत्र्यात काम होते. त्यासाठी स्टेनलेस आणि काचलोकर यांचा एवढा पसारा कशाला मांडावा?

उत्तर : हिंगणा वर्कशॉप

वरील सूचनेतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला माझी हरकत आहे, आणि ती का आहे हे सांगणे आवश्यक वाटते, कारण ही सूचना स्वस्त असल्यामुळे मोह पाडणारी आहे.

पत्रा ठोकल्याने प्लॅस्टिक दिसेनासे होते, पण थंड राहत नाही. पत्रा हा उष्णतेचा उत्तम वाहक आहे, म्हणून शेगडीच्या वरची आणि बाजूची भिंत पत्र्यामागेही तितकीच तापेल, आणि फोम करपू लागला तरी आपल्याला ते दिसणार नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. लाकडाच्या धुरात ॲसेटिक आणि फॉर्मिक ही आम्ले असतात; थंड भिंतीवर धुराचे पाणी साचले की ते जस्त विरघळवते आणि तेच पाणी छतावरून मांसावर ठिबकते. शेगडीलगतचा जस्ताचा थर ४१९ अंशांना वितळतो, ती गोष्ट वेगळीच. राहिला धूर कोंडण्याचा प्रश्न. कोंडलेला धूर मांसावर चिकट, काळा, कडू थर बसवतो. धूर सतत वाहता असला पाहिजे : खालून हवा आत, वरून धूर बाहेर. वरचा झरोका कधीही पूर्ण बंद करू नये. आणि तळाशी उघडा विस्तव असला की वरून चरबी थेट निखाऱ्यावर पडते, तिथे ज्वाळा उठतात आणि बंद पेटीत चरबीची आग लागते.

त्यामुळे आग पेटीच्या बाहेर ठेवावी. तीन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याची, साधारण एक फूट लांबी-रुंदी-उंचीची अग्निपेटी वेल्डिंग करून घ्यावी, तिच्या दाराला हवा कमी-जास्त करणारी सरकती झडप असावी, आणि तेथून चार इंची पोलादी नळ फ्रिजच्या तळाशी जोडावा. नळ पाच-सहा फूट लांब ठेवला तर धूर वाटेत बराच निवतो आणि काजळीही नळातच बसते. गरम धूर हवा असेल तर नळ आखूड ठेवावा. अग्निपेटी फ्रिजपेक्षा खालच्या पातळीवर असावी म्हणजे धूर आपोआप वर चढतो. आपल्या पडवीला दोन पायऱ्या असतील तर फ्रिज वर आणि अग्निपेटी अंगणात, अशी मांडणी उत्तम होईल. वरच्या बाजूला तीन ते चार इंचांचे धुराडे आणि त्यात फिरती झडप ठेवावी. पत्रा, नळ आणि झडपेचे सामान इतवारीच्या लोहा ओळीत मिळेल. आतील भागासाठी मात्र ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टीलच मागावे.

लाकडाच्या आगीवर तापमान स्थिर ठेवणे नवशिक्यास जमत नाही. म्हणून मी स्वतः उष्णता आणि धूर ही दोन कामे वेगळी करतो : उष्णतेसाठी पेटीच्या तळाशी १००० वॅटचा वीजतापक, आणि धुरासाठी बाहेरील छोटी अग्निपेटी, जीत लाकूड फक्त धुमसत राहते. १६५ लिटरच्या, भिंती नीट भरलेल्या पेटीला १००० वॅट पुरेसे आहेत. २३० व्होल्टवर हा तापक साधारण ४.३ अँपिअर घेतो, तरी जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटवरच करावी. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट थंडाव्यासाठी असतो, तो इथे निरुपयोगी आहे. ओव्हनमध्ये असतो तो ५० ते ३०० अंशांचा थर्मोस्टॅट चालेल; अधिक काटेकोर काम हवे असेल तर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान आपोआप स्थिर राखणारा नियंत्रक, घ्यावा. तापमानाची दांडी मांसाच्या जाळीच्या उंचीवर बसवावी, छताला लावल्यास आकडा फसवा येतो. तापकाच्या वर एका बाजूला उतार दिलेला स्टेनलेसचा ट्रे ठेवून चरबी बाहेरच्या डब्यात काढावी.

एक गोष्ट मी कोणालाही टाळू देणार नाही. पत्र्याचे शरीर, आत वीज आणि भिंतींवर धुराचे पाणी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर शरीराला पक्के अर्थिंग आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल, तर हा स्मोकर सुरूच करू नये. आतील वायर काचतंतूंच्या आवरणाची घ्यावी. साधी पीव्हीसी वायर वितळते.

उत्तर : धरमपेठची अन्नतंत्रज्ञ

यंत्राविषयी वरील दोन अनुभवी सदस्यांनी लिहिले आहे. मी हवामान आणि मांसाची सुरक्षितता यांबद्दल लिहिते, कारण नागपुरात हाच भाग अधिक नाजूक आहे.

धुरवण्याच्या दोन पद्धती आहेत. थंड धुरवणीत पेटीचे तापमान साधारण ३० अंशांच्या खाली ठेवतात आणि मांस शिजत नाही. गरम धुरवणीत मांस धुरातच शिजते. जिवाणू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, म्हणजेच थंड धुरवणीत मांस तासन्तास धोक्याच्या पट्ट्यातच असते. त्याला वाचवते ते केवळ मीठ, कोरडेपणा आणि क्युअरिंगचे, म्हणजे मांस टिकवण्याचे, रसायन. थंड हवेच्या देशांत ही पद्धत रुजली, ती तिथल्या थंडीमुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही ३० च्या आसपास घुटमळतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र वेगळ्या असतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. म्हणून बारा महिन्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : गरम धुरवणी वर्षभर करावी, थंड धुरवणी केवळ ऐन हिवाळ्यात, रात्री, आणि तीही चीज, पनीर, लसूण किंवा मिरची यांवर आधी हात बसल्यानंतर. (भिवापुरी मिरची थंड धुरात ठेवून पाहावी. तिचा रंग टिकतो आणि आईंचा सावजी रस्साही कदाचित आपल्या बाजूला वळेल.) नवशिक्याने घरी थंड धुरवणीचे कच्चे मांस करूच नये, हे मी स्पष्टपणे सांगते.

गरम धुरवणीसाठी पेटी १०५ ते १२० अंशांवर स्थिर ठेवावी. घड्याळावर विसंबू नये. सुईचा तापमापक मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. कोंबडी आतून ७४ अंशांवर, खिम्याचे सर्व पदार्थ आणि सॉसेज ७१ अंशांवर गेलेच पाहिजेत. बोकडाची अखंड मांडी ६३ अंशांवर सुरक्षित होते, परंतु आपल्याकडचे बोकडाचे मांस चिवट असते, आणि हाडापासून सुटावे असे वाटत असेल तर ते ९० च्या आसपास न्यावे लागते. त्याला वेळ लागतो, आणि बोकडात चरबी कमी असल्याने ते कोरडे पडते. म्हणून पेटीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि शेवटचे काही तास मांडी फॉइलमध्ये गुंडाळावी. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते, की मांसाचा पृष्ठभाग आतला भाग शिजण्याआधीच कडक होतो; पाण्याचे भांडे त्या दिवसांत विशेष उपयोगी पडते.

धुरवण्याच्या आदल्या दिवशी मांसाच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ चोळून ते चालू फ्रिजमध्ये ठेवावे, नंतर धुऊन, पुसून, जाळीवर उघडे ठेवून फ्रिजमध्येच कोरडे करावे. पृष्ठभाग हाताला किंचित चिकट लागला की धूर त्यावर नीट बसतो. ओल्या मांसावर धुराचे ओघळ उठतात आणि चव आंबट होते.

आता नायट्रेटविषयी, म्हणजे खरे तर सोडियम नायट्राइटविषयी. धुराने भरलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या, कोमट जागेत तासन्तास ठेवलेल्या सॉसेजमध्ये बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला पोषक स्थिती मिळते, आणि म्हणूनच क्युअरिंगचे गुलाबी मीठ वापरतात. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असते आणि प्रमाण एक किलो मांसाला २.५ ग्रॅम एवढेच आहे. हे प्रमाण चमच्याने घेऊ नये, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यानेच घ्यावे, आणि डबा स्वयंपाकघरातील मिठापासून दूर, कुलपात ठेवावा. शुद्ध सोडियम नायट्राइट घरात आणूच नये. ते काही ग्रॅममध्ये जीव घेऊ शकते. कोंबडी किंवा मांडी १०५ अंशांच्या वर काही तासांत शिजवून लगेच खाणार असाल तर या मिठाची गरज नाही. सॉसेज करणार असाल तर आहे.

मासे आपणांस सोपे वाटतील, पण त्यांच्याबाबत अधिक काळजी घ्यावी. रोहू-कतल्याचे आतील तापमान ६३ अंशांवर नेऊन निदान अर्धा तास तिथे राहू द्यावे. धुरवलेले मासे हवाबंद पिशवीत भरून नुसते फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बोट्युलिझमचा एक प्रकार ३.३ अंशांवरही वाढू शकतो आणि हवाबंद पिशवी त्याला हवे तेच देते. ते ताजे खावेत, नाहीतर फ्रीझरमध्ये गोठवावेत.

धुराच्या आरोग्यावरील परिणामांबद्दल कोणी विचारले नाही, तरी लिहिते. लाकूड ज्वाळा न उठता धुमसले तर चव देणारी ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्ये लिग्निनपासून तयार होतात; आग जितकी तापते आणि चरबी जितकी जळते तितके बेंझोपायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थ वाढतात. युरोपीय संघाने धुरवलेल्या मांसासाठी त्याची मर्यादा २०१४ पासून किलोमागे २ मायक्रोग्रॅम केली आहे. हिंगणा वर्कशॉप यांनी आग बाहेर ठेवण्याचा जो आग्रह धरला, त्याला म्हणूनच माझाही दुजोरा आहे. हा पदार्थ सणासुदीचा ठेवावा, रोजचा करू नये.

आपल्या नागपुरातच महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. सॉसेजपर्यंत मजल गेली तर तिथल्या जाणकारांचा सल्ला अवश्य घ्यावा.

उत्तर : काटोलची बाग

लाकडाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून लिहितो. काटोल-नरखेडकडे म्हाताऱ्या संत्राबागा तोडल्या जातात तेव्हा संत्र्याचे लाकूड सरपणाच्या भावाने मिळते, आणि कोंबडी व मासे यांच्यासाठी याहून चांगले लाकूड मला ठाऊक नाही. त्याचा धूर सौम्य असतो, किंचित गोडसर असतो आणि मांसाची मूळ चव दाबत नाही. बोकडासाठी बाभूळ किंवा जांभूळ घ्यावे. बाभळीचा धूर तिखट असतो, म्हणून थोडीच वापरावी.

संत्र्याबाबत एक महत्त्वाची सूचना आहे. डिंक्या रोगापासून बचाव म्हणून आम्ही शेतकरी झाडाच्या बुंध्याला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बोर्डो मलम लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असे ते मिश्रण असते. मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. ते धुरात नको. त्यामुळे बुंधा पूर्णपणे टाळावा, मनगटाएवढ्या वरच्या फांद्या घ्याव्यात, साल सोलून काढावी आणि लाकूड सावलीत निदान सहा महिने वाळू द्यावे. बाग विकणाऱ्याला शेवटची फवारणी केव्हा केली तेही विचारावे, तो सांगतो.

काय वापरू नये, याची यादी मोठी आहे, पण जंगलातून सरपण आणणाऱ्यांसाठी एक नाव पुरेसे आहे : बिब्बा. त्याच्या लाकडाचा धूर अंगाला लागला तरी कातडीवर फोड येतात, तर तो पोटात जाऊ देण्याचा प्रश्नच नाही. कण्हेर विषारी आहे. कडुनिंब कडू, निलगिरी तेलकट. आरागिरणीतला फुकट भुसा मोहात पाडतो, परंतु त्यात सागवान, प्लायवूड, देवदार आणि डिंकाने चिकटवलेले बोर्ड सगळे एकत्र असते, म्हणून तो घेऊ नये. जुन्या खोक्यांच्या आणि रंगवलेल्या दारांच्या फळ्याही नकोत. आणि लाकूड भिजवून टाकण्याची जी रीत वर सुचवली गेली आहे, तिचा उपयोग नाही. आधी नुसती वाफ निघते, विस्तव मंदावतो आणि मग घुसमटलेला पांढरा धूर येतो. धूर पातळ आणि निळसर दिसू लागला की मगच मांस आत ठेवावे.

मानकापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. खटका आज सकाळीच काढला. लोहचुंबक आजोबांच्या फ्रिजच्या आतील भिंतीला घट्ट चिकटले. दाराची आतील बाजू अपेक्षेप्रमाणे प्लॅस्टिकची निघाली. मेहुण्यांना त्यांचा फ्रिज अधिकृत केंद्राकडे देण्यास सांगितले आहे. दोन शंका उरल्या. आतील मिन्याचा लेप दोन-तीन ठिकाणी उडून खालचे लोखंड गंजले आहे, ते चालेल का? आणि आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून असून ते पूर्ण शाकाहारी आहेत. धुराचा त्रास त्यांना होऊ नये यासाठी काय करता येईल?

उत्तर : हिंगणा वर्कशॉप

गंजलेली जागा घासून स्वच्छ करावी आणि तिच्यावर कोणताही रंग लावू नये, उष्णतारोधक म्हणून विकला जाणारा रंगही नको. गंज केवळ वरवरचा असेल तर जागा कोरडी करून तिला खाण्याच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तापल्यावर त्याचा टिकाऊ थर बसतो. लेपाच्या कडा सुटत असतील आणि टवके पडत असतील, तर मात्र आतून ३०४ स्टेनलेसचे पूर्ण अस्तर करून घ्यावे, कारण मिन्याचा टवका काचेसारखा धारदार असतो आणि तो मांसात गेलेला दिसत नाही. काम संपल्यावर पेटी रिकामी ठेवून १३० अंशांपर्यंत चार तास तापवावी. यात नव्या पत्र्यावरचे मशीनचे तेल जळून जाते. मांस ठेवण्याआधी असे दोनदा करावे.

शेजाऱ्यांबाबत सांगायचे तर धुमसणाऱ्या छोट्या अग्निपेटीतून निघणारा धूर तुळशीच्या लग्नाच्या रात्रीच्या फटाक्यांपेक्षा कमीच असतो, पण तो तासन्तास चालतो, आणि त्यात मांसाचा वास असतो. धुराडे त्यांच्या खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात न्यावे, त्याची उंची छताच्या कडेपेक्षा निदान तीन फूट अधिक ठेवावी आणि वारा त्यांच्याकडे वाहत असेल त्या दिवशी पेटवू नये. पडवी तिन्ही बाजूंनी बंद असेल तर तिथे स्मोकर लावूच नये, तो अंगणात उघड्यावर घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेटवण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, आणि पहिल्या खेपेला आत पनीर व भिवापुरी मिरचीच ठेवावी, म्हणजे त्यातले थोडे त्यांच्याकडेही पाठवता येईल.